चिंगीचं डोहाळजेवण

चिंगीच्या डोहाळजेवणाची गोष्ट मी टेक्सासमधल्या शुगर लँडच्या जवळजवळ प्रत्येक मराठी घरात सांगितली आहे — साभिनय! पण तिचा शेवट? तो माझ्या बायकोला, सुनंदालासुद्धा, माहीत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमधून मांजरीचं पिल्लू आणलं. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे सही करावी लागली — ठरलेल्या तारखेच्या आत तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून डॉक्टरचं पत्र द्यायचं. काउंटरवरच्या गोऱ्या आजीबाईंनी त्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. "प्रॉमिस?" त्यांनी विचारलं. मी छातीवर हात ठेवून दरबारी थाटात वाकलो. नाटकीपणा अंगातच ना!

मग आज करू, उद्या करू — आणि चिंगी गाभण राहिली. आम्हाला काय, निमित्तच हवं होतं. पॉटलक ठरलं — प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा. चिंगीला हिरवी रिबन बांधली, शेजारच्या काकूंनी ट्यूना माशाच्या डब्यानं तिची ओटी भरली. "अहो, नाव घ्यायला लावा तिला!" — काय हसलो!

दुसऱ्याच दिवशी शेल्टरचं पत्र. तारीख उलटली आहे, पुरावा द्या, नाहीतर कायदेशीर कारवाई. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज सरकारकडे होता — मांजरीपायी रेकॉर्ड खराब झालं तर? फोन करून खरं सांगायला काय झालं होतं? पण करारात एक ओळ होती: मांजर मेल्यास सहीनिशी कळवावं.

मी कळवलं. गाडीखाली गेली म्हणून — चांगलं रंगवून. आजीबाईंचं हातानं लिहिलेलं सांत्वनाचं कार्ड आलं. ते मी ऑफिसात फाडलं.

चिंगीला पाच पिल्लं झाली. तीन ओळखीच्यांनी नेली. उरलेली दोन शेल्टरला न्यायची, पण कशी? आई कोण, असं आजीबाईंनी विचारलं तर? ती तर मेलेली!

ऑगस्टमधल्या एका सकाळी, शेल्टर उघडायच्या आधीच, मी पिल्लांचं खोकं बंद दारापाशी ठेवलं. दारावर पाटी होती: रविवारी बंद. रविवारच होता. पाटी मी वाचली — दोनदा वाचली. ऊन तापायला लागलं होतं. खोक्यातून बारीक आवाज येत होता. मी गाडीत बसलो आणि एसी लावला.

"घेतली का हो त्यांनी?" सुनंदानं दारातच विचारलं.

"घेतली म्हणजे? आजीबाई नाचल्याच!" मी म्हणालो — आणि त्यांची नक्कल करून दाखवली. सुनंदा पोट धरून हसली.

सोमवारी मी तिकडे फिरकलो नाही.