मी जिच्यावर जळत होते

बाईचा हात आपल्या मांडीवर घ्यायचा, तळवा हलकेच दाबत राहायचं आणि म्हणायचं, "तू बोल, मी ऐकते." बाई घरचं गाऱ्हाणं सांगायला लागली की तिच्या नकळत बांगड्या मनगटात गेलेल्या असायच्या. फैजपूरहून आमच्या गावात बांगड्या भरायला येणाऱ्या या बाईंना सगळ्या आपा म्हणत.

मी त्याच गावच्या उपकेंद्रातली नर्स. आपांसारखी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यासाठी दार सताड उघडं, आणि माझा लसीचा डबा दिसला की आतून कडी.

कोरोनाची लस आली तेव्हा मी घसा बसेपर्यंत समजावलं. "मले नको, ताप येते," "मालकाले विचारून सांगते," हीच उत्तरं. आपा समजावण्याच्या भानगडीत पडल्याच नाहीत. ओट्यावर बसून त्यांनी एकीला विचारलं, "काय ऐकलं तू?"

"दोन वर्सात मानूस मरते म्हने."

त्यांच्या जागी मी असते तर खेकसले असते. आपा म्हणाल्या, "मलापण असंच कुणी सांगितलं. जेवण गेलं नाही त्या दिवशी." मग थोड्या वेळानं, "तुमच्या गावची सिस्टर खोटं नाही सांगणार. एकदा तिलाच विचार ना."

दुसऱ्या दिवशी ती बाई जावेला घेऊन माझ्यापुढे हजर. हे सगळं तिच्याच तोंडून कळलं.

मला आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद! चार वर्षं या गल्ल्या तुडवल्या, यांची बाळंतपणं केली, आणि ऐकलं कुणाचं, तर बांगड्यावालीचं. नुसती जळत होते मी.

एकदा लसीच्या रांगेतल्या एकीनं, बायकांना घेऊन आलेल्या आपांना विचारलं, "तुम्ही घेतली का व आपा?"

"आधी तुमचं होऊ दे," म्हणत आपा हसल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतली ती भीती मी रोज घरोघरी पाहत होते, मला लगेच कळली. डब्यात लस शिल्लक होती. मी झाकण लावलं आणि नोंदवहीत डोकं घातलं. साऱ्या गावाला शहाणपण शिकवते, हिला मी काय सांगायचं, असं मनाशी म्हटलं.

साथ पुन्हा वाढली तेव्हा आपा दवाखान्यात गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

पुढे त्यांची मुलगी लस घ्यायला माझ्याकडे आली. मी विचारलं, "अम्मीनं का नाही घेतली गं?"

"घाबरायची. म्हणायची, सिस्टर एकदा म्हणाली तर घेईन." मग तीच मला समजून घेत म्हणाली, "तुम्हाला तरी किती कामं. राहून गेलं असेल."

"हो," मी म्हणाले. "राहून गेलं."