खारट गूळ

त्या सिस्टर लोकांचा मला राग आहे. त्या चांगल्या आहेत हे मला कुणी सांगायला नको, सगळं मार्केट यार्ड सांगतं. चांगल्या माणसांवर राग धरणं अवघड असतं, पण मला ते जमलंय.

सांगलीत आमचं गुळाच्या अडतीचं दुकान. शेतकरी ढेपा आणतो, आम्ही त्या सौद्यात लावून देतो. दर गुरुवारी सकाळी सिस्टरांची पांढरी गाडी यार्डात शिरते. शहराबाहेर त्यांचा वृद्धाश्रम आहे. दारोदार मागून आणायचं आणि म्हाताऱ्यांना खाऊ घालायचं, हा त्यांच्या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाचा नियमच आहे. दोन सिस्टर आणि सोबतीला आश्रमातला एखादा धडधाकट म्हातारा. कुणी हळद देतं, कुणी डाळ. कुणी काय दिलं ते लिहीत नाहीत, देणाऱ्याचं नाव मात्र वहीत उतरवतात, संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायला. आणि ठेवून घेतात ते फक्त ज्याला कुणीच नाही अशाला. मुलगा आहे म्हटलं की फाटकातूनच परत. हेही सगळ्या यार्डाला ठाऊक आहे.

आमच्या अब्बांना त्या डोळ्यांसमोर नको असायच्या. हात पसरणाऱ्या माणसाचीच त्यांना चीड. गाडी दिसली की ते आत गोदामात जाऊन बसायचे. पाझरलेली, काळी पडलेली एखादी ढेप आधीच बाजूला काढलेली असायची. आतूनच हमालाला सांगायचे, "दे त्या बायास्नी, आन् लाव वाटंला."

अब्बांच्या जिभेचं यार्डात नाव होतं. ढेपेला चाकू लावायचा, खडा तोंडात टाकायचा, की ऊस नदीकाठचा की विहिरीवरचा ते सांगून मोकळे. जमीन क्षारपड असली की गूळ खारट उतरतो, आणि तो खारटपणा इतरांना कळायच्या आधी त्यांना कळायचा. गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप येऊन गेला आणि त्या तापात जिभेची चव गेली. त्यांना ते समजलं नाही, किंवा समजलं असेल तर आम्हाला सांगितलं नाही. एका सकाळी भर सौद्यात त्यांनी आमच्या जुन्या शेतकऱ्याचा माल खारट ठरवला. मी खडा चाखला. एक नंबर गूळ. त्या शेतकऱ्याने ढेपा उचलल्या आणि समोरच्या दुकानात नेल्या.

घरात आम्ही आमची हिंदी बोलतो. मराठी असते ती गिऱ्हाइकाशी. त्या दिवशी मी अब्बांशी मुद्दाम मराठीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

"तुमच्या जिभंचा आता भरवसा न्हाई, अब्बा. उद्यापासनं दुकानात येऊ नका. घरी बसा."

हमालसुद्धा खाली बघायला लागले. मला मात्र त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

दुसऱ्या दिवशी ते मोबाईल उशीवर ठेवून उंब्रजला आत्याकडे निघून गेले. राग उतरला की येतील, असं मी धरून चाललो. फोन केला नाही. बायको विचारायची, मी सांगायचो, बरे आहेत. यार्डात सांगितलं, हवापालटाला गेलेत. असा महिना गेला. अब्बा बारा दिवसांतच "घरी चाललो" म्हणून आत्याकडून निघाले होते, हे मला मागाहून कळलं. आत्याला वाटलं, ते पोचले, आणि पोचल्याचा साधा निरोप नाही म्हणून तीही फुगून बसली. आमच्या घराण्यात फोन कुणी आधी करायचा, यावर माणसं आयुष्य काढतात.

मग तो गुरुवार आला. गाडी थांबली, एक सिस्टर उतरली आणि तिच्यामागून वही काखेत धरून अब्बा उतरले. स्वच्छ धुतलेला शर्ट, कातरलेली दाढी. समोरच्या दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि कॅल्क्युलेटरमध्ये डोकं घातलं. हमालांनी पाठ फिरवली. एरवी कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगणारी ही माणसं एकदम मुकी झाली.

"भाऊ, थोडा गूळ मिळेल का?" सिस्टर म्हणाली. "हे आमचे नवीन आजोबा. यांना कोणी नाही."

अब्बांनी वही उघडली. माझ्याकडे पाहिलं, आणि मराठीत विचारलं, "नाव काय लिहू तुमचं?"

सिस्टरच म्हणाली, दुकानाचं नाव लिहा. पाटीकडे मान वर न करता त्यांनी ते लिहिलं. मी आत गेलो आणि आदल्या दिवशी आलेल्या मालातली सगळ्यात चांगली ढेप स्वतः चाखून, स्वतः उचलून गाडीत ठेवली. अब्बा तोवर गाडीत जाऊन बसले होते.

रविवारी मी रिक्षा केली आणि आश्रमावर गेलो. त्यांना घेऊनच यायचं ठरवलं होतं. वाटेत सिस्टरांना काय काय ऐकवायचं ते घोकत होतो. माणसं फसवून ठेवता. धंदा मांडलाय. चालत्या-फिरत्या बापाला भिकेला लावलंत.

आत गेलो तर एक सिस्टर एका म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेऊन नखं कापत होती. म्हाताऱ्यांची जेवणं झाली होती आणि उरलेलं घेऊन सिस्टर आता जेवायला बसत होत्या. व्हरांड्यात पश्चिमेकडे तोंड करून एक चटई अंथरलेली होती, ती कुणासाठी ते मला विचारावं लागलं नाही. हे सगळं बघून लोकांना भरून येतं म्हणे. मला चीड आली. माझ्या बापाला नमाजाला जागा देणाऱ्या तुम्ही कोण?

मोठ्या सिस्टर मोरीत बसून पातेलं घासत होत्या. केरळच्या, मराठी पुस्तकातलं. हात पुसत माझ्यासमोर आल्या. मी म्हटलं, गुरुवारच्या आजोबांना भेटायचंय. त्या माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. आमचं नाक एकच आहे, अब्बांचं आणि माझं.

"तुम्ही त्यांचे कोण लागता?" त्यांनी विचारलं. "कृपया खरं सांगा. त्यांना मुलगा असेल तर मला त्यांना आजच पाठवावं लागेल. ज्यांना खरंच कोणी नाही, असे लोक बाहेर थांबलेले आहेत."

मला तेच तर हवं होतं. एक शब्द बोललो असतो की काम झालं असतं. मी म्हटलं, आधी दाखवा.

त्या मला कोठीत घेऊन गेल्या. अब्बा स्टुलावर बसले होते, पुढ्यात माझी ढेप. चाकूने खडे पाडून डब्यात भरत होते. शेजारी एक सिस्टर संध्याकाळच्या डाळीची वाटी घेऊन ताटकळत उभी. "आजोबांनी चव बघितल्याशिवाय आता काही चुलीवरून उतरत नाही," मोठ्या सिस्टर कौतुकाने म्हणाल्या. मला ओरडावंसं वाटलं. मेलेली जीभ आहे ती, काय डोंबल कळतंय तिला. अब्बांनी डाळ चाखली आणि मान हलवली. सिस्टर वाटी घेऊन लगबगीने गेली. इतके दिवस त्यांच्या जिभेवर हे घर चाललं होतं आणि कुणी उपाशी राहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. चाकू थांबला.

"आजोबा, हे तुमचे कोण?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"बाजारातले हायत. गूळ देत्यात." मग माझ्याकडे वळून, परक्याशी बोलावं तसं ते म्हणाले, "आवं, तुमची ही ढेप जरा खारट हाय बघा."

चाकू त्यांनी ढेपेवर आडवा ठेवला आणि माझ्यावरची नजर काढली नाही. जन्मात त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. बाहेर फाटकात रिक्षा उभी होती. मोठ्या सिस्टर माझ्या उत्तराची वाट बघत होत्या. अब्बांनी खडा पुढे केला. मी तो तोंडात टाकला. मीच निवडलेला एक नंबर गूळ.

"व्हय," मी म्हटलं, "खारटच हाय. गुरुवारी बदलून देतो."