चेंडूवर न टिकलेला नियम

आर्णीजवळच्या तांड्यावरची राखी उमरखेडच्या एका कॉलेजात तासिकांवर गणित शिकवायची आणि पीएच.डी. करायची. विषय होता कॉम्पॅक्ट ग्रुपवरच्या ऑर्थोनॉर्मल फलनांचा. म्हणजे एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकीची लांबी एक, अशा लहरींचा.

असा एक ग्रुप म्हणजे चाक फिरवायच्या सगळ्या तऱ्हा, दुसरा म्हणजे चेंडू फिरवायच्या. चाक आधी थोडं आणि मग जास्त फिरवलं काय किंवा उलट केलं काय, ते तिथंच येतं. चेंडू मात्र आधी आडवा फिरवला की उभा, यावर कुठं थांबेल ते ठरतं. चाकावरच्या लहरींचा एक जुना नियम चेंडूवरच्या लहरींनाही लागू पडतो, हे राखीनं सिद्ध केलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

प्रबंध द्यायच्या आठवड्यात टायपिंगच्या चुका बघताना ती एका ओळीवर अडली. ‘या सगळ्या लहरींची उंची एका मर्यादेत राहते.’ चाकावर राहते. चेंडूवर लांबी एकच धरली तरी उंची वाढतच जाते. पुढचं सगळं त्या ओळीवर उभं होतं.

तिनं मार्गदर्शक अर्पिता मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “परीक्षकांच्या लक्षात येईलच असं नाही, राखी. मुदत पुन्हा मिळणार नाही.”

“पण खोटं आहे ना ते, मॅडम.”

घरी तिनं वडिलांना, फुलसिंगला, सांगितलं. तांडाभर त्यानं पोरगी डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

“मंग चूक सुधारून दे ना.”

“सुधारली का काहीच उरत नाही, बा.”

“येवढे वर्सं काय करून राह्यली होती मंग तू?”

आईनं, बिजलीबाईनं, पुढं केलेलं ताट राखीनं सरकवलं.

मुदत गेली, नोंदणी रद्द झाली. जुलैत तिच्या निम्म्या तासिका पीएच.डी. झालेल्या दुसऱ्या कुणाला गेल्या. तरी राखी त्या ओळीपाशी बसतच होती; दुसरं काही सुचतच नव्हतं. दिवाळीच्या सुमारास तिला नियम मोडणारं चेंडूवरचं एक उदाहरण सापडलं, आणि चूक नुसत्या सिद्धतेत नव्हती हे कळलं. नियमच खोटा होता. इतकी वर्षं ती नसलेल्या गोष्टीमागं लागली होती.

तिनं ते मॅडमना पाठवलं.

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “दोन पानांचं टिपण होईल. छापायला पाठव.”

“त्याचं काय होईल, मॅडम?”

“दुसरं कुणी या वाटेला जाणार नाही.”

राखी अंगणात तशीच बसून राहिली. बिजलीबाईनं विचारलं, “चांगली खबर हाय का?”

“मालूम नाही, याडी,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.