आईच्या पुण्यानुमोदनाची खीर

माझी मुलगी उत्तनला एका संस्थेत राहते. तिशी ओलांडलीय तिने, पण उंचीला माझ्या छातीएवढी, आणि बोलते थांबत थांबत, लहान पोरीसारखी. आजार जन्मापासूनचा, जनुकांमधलाच दोष. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं होतं, ते मला कधी नीट म्हणता आलं नाही. मला कळलं ते एवढंच, की पोट भरलं की तुमच्याआमच्या डोक्याला ते समजतं, हिच्या डोक्याला कधीच समजत नाही. ताटावरून उठली तरी उपाशीच. कच्चं पीठ खाईल, कचऱ्यातलं खाईल. हात आवरला नाही तर जीव जाईपर्यंत खाईल. हे मी वाढवून सांगत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय.

गोडदेवच्या आमच्या खोलीत हे सगळं बायकोने सांभाळलं. मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात बफिंग करायचो, म्हणजे मशीनवर भांडी घासून चकाकी आणायची, सकाळी जायचो आणि काळा होऊन परत यायचो. बायको गेली ती दुपारी कपडे वाळत घालताना, हातात चिमटा होता. मग मी एकट्याने मुलीला सांभाळायला गेलो. जमलं नाही. शेजारच्या गुजराती बाईंच्या दारातली दुधाची पिशवी तिने दाताने फोडून प्यायली, आणि मजल्यावरच्या लोकांनी बघितलं. त्या बाई चांगल्या, म्हणाल्या, "जाने दो भाऊ, दूधच होतं ना." पण मुलगी दिवसभर चादरीत तोंड खुपसून बसली. भूक तिला आवरत नाही, लाज मात्र तिला आपल्यासारखीच आहे. हे लोकांना कळत नाही.

संस्थेत पहिल्यांदा गेलो तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप दिसलं. म्हटलं, हा तुरुंग आहे. सांभाळणाऱ्या ताईंना तोंडावर तसं बोललोसुद्धा. त्या हसल्या, म्हणाल्या, "काका, आठ दिवस येऊन बसा आणि मग शिव्या द्या."

बसलो. तिथे दारातच एक कपाट आहे. खायचं जे काही जवळ असेल ते त्यात ठेवायचं. पाहुण्यांचं, डॉक्टरांचं, ताईंचा स्वतःचा डबासुद्धा. भिंतीवर रोज सकाळी चित्रं लावतात, आज काय खायचं आणि कशानंतर खायचं. वरणाचं चित्र असलं तर वरणच, कोणी मोठा माणूस पेढे घेऊन आला तरी वरणच. शहाण्यासारखी वागली म्हणून गोड देत नाहीत, रागावून आपटाआपट केली म्हणून ताट काढून घेत नाहीत. आता काही मिळेल का, मागू का, चोरू का, हा विचारच पोरांच्या डोक्यातून निघून जातो. महिनाभरात माझी पोर चित्रं रंगवायला लागली. घरी ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायची, तिला दुसरं काही करता येतं हे मला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी सगळ्यांना फिरायला नेतात. वाट बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांजवळून जाते, वास तर कपड्यात बसतो. पण तिथल्या कोळणींना ताईंनी सगळं समजावलंय. एक म्हातारी दोन्ही हात पसरून दाखवते, "पोरी, आज काय न्हाय गो माझ्याकडं!"

"उद्या पण नको देऊ मावशी!" आमची ओरडते, आणि दोघी हसतात.

बायकोला जाऊन वर्ष होत आलं. आमच्यात वर्षाचं पुण्यानुमोदन करतात, फोटोपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, आणि खीर वाटायची. नालासोपाऱ्याची माझी बहीण म्हणाली, "दादा, पोरीला घरी आण. कार्यक्रमालाच नाही, कायमची आण. मी येऊन राहते. परक्यांच्या कुलपात ठेवलीयस, वहिनीला काय वाटत असेल?"

मलाही घरात बोलायला कुणी नव्हतं. हो म्हणायच्या बेतातच होतो. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "निर्णय तुमचा, काका. पण वंदना इथे करा, तिला आईसाठी म्हणायचंय. मग ठरवा."

वस्तीतले बौद्धाचार्य आले. भिंतीवर नाश्ता आणि जेवण यांच्या चित्रांमध्ये आज आईच्या फोटोचं आणि मेणबत्तीचं चित्र लावलं होतं. त्रिशरण पहिल्यांदा मुलीने एकटीने म्हणायचं ठरलं होतं, ती कितीतरी दिवस घोकत होती. दारातल्या कपाटात बहिणीला पिशवी ठेवायला सांगितली तर ती उसळली.

"यात खीर आहे, तिच्या आईच्या नावाची. हे काय खाणं आहे का? दान आहे हे!"

"दानच आहे, आत्या," ताई म्हणाल्या. "पण तिला ते वासाने कळणार."

बहिणीने तोंड वाकडं करून डबा कपाटात ठेवला.

मुलीने आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. हात जोडून म्हणायला लागली आणि मध्येच अडली. मला वाटलं विसरली. पण ती बहिणीच्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. नखं स्वतःच्या मनगटात रुतवली होती, कातडी लाल झाली. ताई उठल्या नाहीत, नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, आता ही झडप घालणार, फोटो पडणार, आईचं वर्ष असं जाणार.

"आत्या," ती म्हणाली, "तुझ्या पर्समध्ये खीर आहे. बाहेर ने. मला आईचं म्हणायचंय."

बहिणीने पर्समध्ये खिरीची छोटी डबी ठेवली होती, हळूच भरवायला. ती उठून बाहेर गेली. परत आली ती मान खाली घालून. मुलीने मनगट सोडलं, नाक पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. थांबत थांबत, पण एक शब्द चुकली नाही. आम्ही मागून म्हटलं. एवढी ताकद माझ्यात नाही, मी आयुष्यभर हाताला येईल ते खाल्लंय.

वंदना झाली तशी ती भिंतीपाशी गेली, चित्र बघितलं. "बाबा, आता जेवण आहे. दुधीची भाजी. तुम्ही जा." आणि वळूनही न बघता आत गेली.

बसस्टॉपवर बहीण म्हणाली, "दादा, नको आणूस तिला घरी. मी राहायला आले तर परत खीर करीन. मला राहवणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"आणि तू एकटाच बसणार त्या खोलीत?"

"बसेन. रविवारी इकडे येईन."