तपासणीकाकू

तपासणीकाकू सोमवारी येणार असं पत्र आलं, की त्या आदल्या गुरुवारीच जिल्ह्यात येऊन फिरायला लागलेल्या असत. लातूरच्या आमच्या संस्थेत आम्ही फायली लावत होतो, भिंतीवर नवे फलक चिकटवत होतो, आणि काकू औशाच्या स्टँडवर उतरून बाजारातल्या भाजीवाल्या बायकांशी बोलत बसल्या होत्या. सोमवारी अकराला दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची निम्मी वही भरलेली होती.

काकू मूळच्या नांदेडकडच्या हदगावच्या. शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आणि देणगीदारांच्या वतीने संस्थांची कामं तपासू लागल्या. विधवा आणि टाकून दिलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मिळावं म्हणून आमच्या संस्थेनं मोहीम चालवली होती. मोर्चे काढले, निवेदनं दिली, आमदारांच्या दारात बसलो. पुढे तसा शासन निर्णय निघाला आणि अहवालात मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘संस्थेच्या लढ्याला यश’. या मोहिमेनं नेमकं काय बदललं, ते काकूंनी पाहायचं होतं. आमचं काम पुढे चालणार की बंद होणार, हे त्यांच्या शब्दावर होतं.

गावात गेल्यावर त्या संस्थेचं नाव काढत नसत. ओट्यावर बसायच्या, पाणी मागायच्या, रेशन आणायला घरातून कोण जातं असं सहज विचारायच्या. बाईनं आपणहून आमचं नाव घेतलं तरच वहीत लिहायच्या. मला ते फार लागायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, “आपण नाव सांगितलं की माणसं भिडेखातर हाव म्हणतेत, पोरी. मग आपल्याला काय कळलं?” आज मीही हेच काम करते आणि असंच विचारते.

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, आणि तो त्यांनी आमच्या सरांना, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांना, पहिल्याच दिवशी विचारला. तुम्ही नसता तर हा निर्णय निघाला नसता का? सर बराच वेळ मोर्च्यांबद्दल बोलत राहिले. काकूंनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की पुरवठा कार्यालयातल्या कारकुनाशी त्यांचं बोलणं झालंय. राज्यभरातून मागण्या गेल्या होत्या आणि आमच्या पहिल्या मोर्च्याआधीच फाईल हलली होती. सरांचा चेहरा उतरला.

मला भीती वेगळीच होती. अहवालाच्या मुखपृष्ठावर छबूबाईचा फोटो होता. किल्लारीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची ही विधवा, हातात नवं कोरं कार्ड धरून हसणारी. फोटो मीच काढला होता. महिन्याभरानं पुन्हा गेले, तर कार्ड तिच्या दिरानं काढून घेतलं होतं. अहवाल तेव्हा छापायचा होता, मला बदल करता आला असता. मी केला नाही, कुणाला सांगितलंही नाही. आणि आता काकू म्हणत होत्या, “उद्या छबूबाईकडं जाऊ.”

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये किल्लारी जवळ येईपर्यंत मी दम धरला. मग सगळं सांगून टाकलं. काकूंनी वही मिटली आणि ड्रायव्हरला चहाच्या टपरीवर थांबायला सांगितलं.

“बरं झालं सांगितलंस,” त्या म्हणाल्या. “मी तिच्या घरी जाऊन दिरापुढंच कार्ड दाखवायला लावलं असतं. मागून तिला काय भोगावं लागलं असतं, कुणाला ठाऊक.”

म्हणून आम्ही घरी गेलोच नाही. छबूबाई सोयाबीन खुरपत होती तिथे बांधावर जाऊन बसलो. काकूही खुरपं मागून घेऊन तिच्या शेजारच्या ओळीला लागल्या. बोलता बोलता छबूबाईनं आपणच विषय काढला.

“कार्ड दिराकडंच हाय,” ती म्हणाली. “पण नाव माझं हाय, दुकानदार माझ्या अंगठ्याबिगर धान्य देत न्हाई. मग दिराला मला संगं न्यावंच लागतंय. किती येतंय ते आता माझ्यापुढं तोलतेत. पोरांच्या ताटात कमी दिसलं की मी बोलती. आधी बोलत नव्हते.”

काकूंनी ते लिहून घेतलं, तिला वाचून दाखवलं आणि नाव न घालता छापू का, असं विचारलं. ती हो म्हणाली.

पुढचा आठवडा काकू हदगाव तालुक्यात फिरल्या. तिथे अशी मोहीम कुणीच चालवली नव्हती. शासन निर्णय तोच होता, पण बायकांना त्याचा पत्ताच नव्हता. परत आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून आपला निष्कर्ष वाचून दाखवला. निर्णय या संस्थेनं आणला असं म्हणता येत नाही. मात्र तो गावापर्यंत या संस्थेनं पोहोचवला. कार्ड हातात दिल्यावर ही माणसं थांबली, तिथे थांबायला नको होतं. काम चालू राहावं, आणि यापुढे कार्ड कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहावं.

सर उठले आणि माठातलं पाणी घटाघटा प्यायले. मी तोंड फिरवून डोळे पुसले. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता.

काकूंना नांदेडच्या गाडीत बसवायला मीच स्टँडवर गेले. छबूबाईचं कार्ड गेल्याचं मी लपवलं, तरी माझा राग आला नाही का, असं खिडकीशी उभं राहून विचारलं. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

“साक्षरतेच्या कामात होते तवा मी एक गाव पूर्ण साक्षर झालं म्हणून सही करून दिली होती. निम्म्या बायांना सोताचं नाव लिहिता येत नव्हतं. कुणी तपासायला येईल म्हणून लई वरीस वाट बघितली. कुणी आलंच न्हाई.”

गाडी सुरू झाली. त्या आणखी काही म्हणाल्या, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी तशीच चालत घरी गेले, जेवले, आडवी झाले आणि कित्येक दिवसांनी गाढ झोपले. आईनं चहाला उठवलं तेव्हा ऊन उतरलं होतं.