नायिकेनं एकदम हो म्हणू नये

सांगतो, पण आधी चहा खाली ठेवा, ठसका लागेल. माझ्याइतका शहाणा गाढव तुम्ही पाहिला नसेल!

त्या काळी मी आरमोरीला मास्तर होतो आणि कथा लिहायचो. एकही छापून येत नव्हती, ही गोष्ट वेगळी. राहायला होतो दामाजीभाऊंकडे भाड्यानं. आणि त्यांची मुलगी यमू… काय सांगू! ती अंगणात धान पाखडायला बसली की वह्या तपासताना माझ्या हातून बरोबर गणितांवर फुल्या पडायच्या.

बोलायचं धैर्य? नावालाही नाही. अशात कळलं, रविवारी ब्रह्मपुरीचे पाहुणे तिला बघायला येणार. मग मी युक्ती काढली. कथेतल्या नायकाच्या तोंडून विचारायचं! नायक मास्तर नाही हं, जंगलखात्यातला बाबू. एवढी अक्कल होती. यमू धान पाखडत बसली होती, तिथं कागद घेऊन गेलो.

"यमू, कथेत संवाद अडलाय. हा बाबू एका मुलीला मागणी घालतो. ऐक." आणि मी वाचलं, "हे मृगनयने, तुझ्या विरहाच्या वणव्यात माझं हृदय…"

सूप थांबलं. "काय जी गुर्जी, असा कोनी बोलते काय? वनवा पेटला त मानूस पानी आनन का भाषन देईन?"

"मग काय म्हणेल?"

"साधं इचारन. येतं का माह्यासंगं?"

मी कागद बाजूला ठेवला. "येतेस का माझ्यासंगं?"

यमूनं वर पाहिलं. हसली नाही. "येईन न," म्हणाली.

अहो, तिथंच उठून तिच्या बापाकडे जायचं की नाही? पण माझ्यातला लेखक मध्ये कडमडला ना!

"छे छे! नायिकेनं एकदम हो म्हणू नये. वाचकाला ओढ लागली पाहिजे. नाही म्हण."

"नाई म्हनू?"

"हो!"

"पक्कं सांगून राह्यले, गुर्जी?"

"अगं, त्याशिवाय कथेत रंग भरत नाही."

तिनं सुपातला एक खडा वेचून दूर फेकला. मग म्हणाली, "नाई."

"वा! आवाजसुद्धा कसा कापला!" मी खूश होऊन लिहून घेतलं.

रविवारी पाहुणे आले. दामाजीभाऊंनी मलाच पाणी द्यायला उभं केलं. मुलगी पसंत पडली, सुपारी फुटली, आणि मी तांब्या घेऊन उभा असताना यमूनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठं टाळक्यात उजेड पडला. ते "येईन न" जंगलखात्याच्या बाबूला नव्हतंच!

ओढ लागायची होती वाचकाला, लागली मला. म्हातारा झालो, तरी कुठं धान पाखडल्याचा आवाज आला की पाय आपोआप थांबतात. खोटं कशाला बोलू?

पुढे एकदा मार्कंड्याच्या जत्रेत ती भेटली. कडेवर लेकरू होतं.

"गुर्जी, तुमची कथा छापली का जी?"

"नाही गं. परत आली. संपादक म्हणाले, बाकी सगळं ठीक, पण नायिकेचं ते 'नाही' खोटं वाटतं."

लेकराचं टोपडं सारखं करत यमू म्हणाली, "पाहा बापा! त्यानं त मले पाह्यलं बी नाई, तरी त्याले समजलं!"