सरूबाईंच्या पुढची सायकल

आमच्या गाळ्यातल्या गोष्टी सांगायला बसले की मैत्रिणींचा चहा गार होतो, कारण एकीला धरून दुसरी निघतेच. बंगळूरला स्पोर्ट्स सायन्स शिकून मी अंबडला परत आले, तेव्हा वाटलं होतं की बायका व्यायामाला लाजतील, टीव्हीच्या पडद्याला घाबरतील, त्यांना घरून ओढून आणावं लागेल. प्रत्यक्षात पहाटे मी कुलूप उघडायला पोचायचे, तर त्या पायरीवर बसलेल्या. "किती उशीर, ताई?"

गाळा माझ्या काकांचा. आत मी आणलेल्या, जागच्या जागी चालणाऱ्या चार सायकली आणि समोर मोठा टीव्ही. पॅडल मारलं की आपल्या नावाचा सायकलस्वार पडद्यावरच्या रस्त्याने पुढे जातो, थांबलं की तिथेच उभा राहतो. थंडीचं टार्गेट मी भिंतीवर लिहिलं: आठ जणी, संक्रांतीपर्यंत प्रत्येकी तीनशे किलोमीटर.

काका म्हणाले, "आठच्या आठ जणी पोचल्या तर गाळा तुझा. एक जरी राहिली, तर मी सरकीची पोती ठेवतो."

मी लगेच हो म्हटलं.

*

पहिल्या आठवड्यात मी सांगितलं, "उद्या बर्फाच्या डोंगरातून जायचंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्वेटर, शाल आणि कानटोपीत. दहा मिनिटांत घामाने निथळल्या, पण एकीनेही शाल काढली नाही.

"काढा की," मी म्हटलं.

"आधी घाट तर उतरू दे."

*

निवृत्त शिक्षिका शकुंतला मॅडम गुडघ्यांमुळे आठवड्यातून दोनदाच येणार होत्या. एका सकाळी पडद्यावर कुणी परदेशी म्हातारा, तिकडे त्याच्या घरी सायकल मारणारा, त्यांच्या बाजूने चालला आणि त्याने शाबासकीचा अंगठा वर केला. त्यानंतर मॅडमनी एक दिवस चुकवला नाही.

मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "अगं, तो रोज याच टायमाला येतो. एकटाच असतो बिचारा. वाट बघत असंल."

तीनशे सगळ्यांत आधी त्यांचेच झाले.

*

सरूबाई साठीच्या. त्यांचा जन्म मेंढ्यांमागे चालण्यात गेलेला. एकदा मधेच लाइट गेली. टीव्ही बंद, गाळ्यात अंधार. बाकीच्या उतरल्या. सरूबाईंचं पॅडल मात्र चालूच.

"मावशी, आता किलोमीटर मोजले जात नाहीत."

"न मोजू दे. लाइट गेली म्हणून कुणी रस्त्यात थांबतं का?"

लाइट आली तेव्हा त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "तुम्ही अजून इथंच?"

*

आता सीमाची गोष्ट. सीमा सरूबाईंची सून, अंगणवाडीत मदतनीस, वय पंचवीस. पाय असे दणकट की ती पहिली येईल अशी माझी खात्री होती. पण रोज ती सासूच्या एक किलोमीटर मागे. मी सीट वर केली, खाली केली. गुडघे तपासले. जेवणात काय असतं ते वहीत लिहून घेतलं. फरक शून्य.

जानेवारीत सरूबाई भोकरदनकडे भावाच्या गावी गेल्या. त्यांचे झालेले दोनशे अठ्ठ्याऐंशी. सीमाचे दोनशे सत्त्याऐंशी, आणि ती तिथेच थांबली. रोज यायची, गाळा झाडायची आणि जायची.

शेवटी मी चिडले. "सीमा, सहा जणींचं झालंय. मावशी आल्या की त्यांचंही होईल. तुझ्यामुळे गाळा जाईल."

ती खाली बघत म्हणाली, "आत्याबाई घरी न्हाईत. त्यांच्या मागारी त्यांच्या पुढं कशी जाऊ?"

"अगं, ते पडद्यावर आहे."

"पडद्यावर त्यांचं नाव हाये की."

इतकं शिकून आलेली मी. तिच्या जेवणाची वही मी मिटून ठेवली.

*

भोगीच्या सकाळी, म्हणजे टार्गेटच्या शेवटच्या दिवशी, सरूबाई गाळ्यात लंगडत आल्या. मेंढ्या वळवताना पाय मुरगळला होता. घोटा सुजून टम्म. मी तपासला आणि त्यांना पॅडलला पाय लावू दिला नाही. काका दारात उभेच होते.

सरूबाईंनी सुनेला विचारलं, "तुझं किती ऱ्हायलंय?"

"तेरा."

"मंग बस की. काय बघून राह्यली?"

सीमा बसली. पंधरा मिनिटं झाली तरी तिचं पॅडल कुणी आजारी माणसाने मारावं तसं.

सरूबाईंनी खुर्ची उचलली, भिंतीकडे वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या. पदर डोळ्यांवर ओढला.

"मी बघंना. जा आता."

मग सीमा जी सुटली, तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर तिचं नाव सरूबाईंच्या नावाच्या पुढे गेलं. तीनशे झाल्यावर ती उतरली आणि आधी सासूच्या पाया पडली.

"किती म्होरं गेली गं?" पदराआडून सरूबाई.

"बारा."

"बराबर."

काका हळूच म्हणाले, "सात झाल्या. पण एक राहिली, पोरी."

शब्द दिला होता.

संक्रांतीच्या सकाळी मी किल्ली काकांच्या हातात दिली आणि चारही सायकली टेम्पोत घालून सरूबाईंच्या अंगणात उतरवल्या. टीव्ही पत्र्याखाली टेकवला. एकेक सायकल लावत गेले, आणि सीमा बसायची ती सगळ्यांत पुढे लावली.